शॉकअपला तीस हजार, कुलपाला पाचशे जड

तिसरं_गेट
स्पष्टच लिहितो, राग आला तर येऊ दे. आपल्या बेळगावात दुचाकीवर हौसेने खर्च करणारे भरपूर आहेत, पण क्रम सगळ्यांचा उलटा. आधी फॉग लाइट, मग क्रॅश गार्ड, मग मागचा गॅसचा शॉकअप. आणि कुलूप? "हँडल लॉक आहे की!"

हँडल लॉक म्हणजे आत सरकणारी एक छोटी पिन. हँडल एका बाजूला जोरात हिसडलं की ती मोडते. पुढे इग्निशनच्या वायरी जोडल्या की झालं. आपल्याकडच्या बहुतेक मोटारसायकलींच्या चावीत चिप नसते. चोर कोण आणि मालक कोण, गाडीला काही फरक पडत नाही.

आमच्या टिळकवाडीत गेल्या पावसाळ्यात एक रॉयल एनफिल्डची हिमालयन चोरीला गेली. नवा शॉकअप, पॅनिअर (बाजूच्या पेट्या), हँडल वर घेणारे रायझर, सगळं तिच्याबरोबर गेलं. मालक निर्धास्त, का तर पाच वर्षांचा विमा आहे. अहो, सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीबरोबर पाच वर्षांचा विमा येतो तो थर्ड पार्टीचा, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीचा. चोरीचे पैसे मिळतात ओन डॅमेजमधून, म्हणजे आपल्या स्वतःच्या गाडीच्या विम्यातून, आणि तो बहुतेकांचा वर्षभरात संपतो. याचाही संपला होता.

म्हणून माझं मत: पहिले पैसे डिस्क लॉक आणि साखळीला, दुसरे ओन डॅमेजला, उरले तर सस्पेन्शन. बाकीची सजावट दिवाळीला करा.

जांबोटी_रोड
शहरात बसून बोलणं सोपं आहे. जांबोटी-कणकुंबीवरून चोर्ल्याला जुलैत या की एकदा, मागे बायको आणि दोन बॅगा घेऊन. गाडी चोरीला गेली तर गाडी जाते. वळणावरच्या खड्ड्यात मागचा शॉकअप पूर्ण बसला आणि पुढचं चाक हलकं झालं तर माणूस जातो. आता सांगा, आधी कशाला पैसे घालायचे?

आणि सस्पेन्शनला हौस म्हणणाऱ्यांनी आधी सॅग मोजावा. गाडी सरळ धरून मागचा भाग थोडा उचला, म्हणजे शॉकअप पूर्ण लांब होईल. चाकाच्या एक्सलपासून वर सीटखालच्या एका ठरावीक बिंदूपर्यंत टेप लावा. मग नेहमीच्या सामानासकट बसा आणि पुन्हा मोजा. जो फरक येतो तो सॅग. चाकाच्या एकूण हालचालीच्या पंचवीस ते तीस टक्के असला की ठीक. जुन्या ४११ हिमालयनची मागची हालचाल १८० मिमी, म्हणजे ४५ ते ५४ मिमी. माझा डबल सीट भरायचा ७० च्या वर. प्रीलोड, म्हणजे स्प्रिंग आवळायची सेटिंग, शेवटच्या घरात टाकूनसुद्धा. मग स्प्रिंग बदलायची नाही तर काय कुलूप लावायचं?

खडे_बाजार
दोघंही उगाच भांडताय. जीपीएस लावा, विषय संपला. गाडी हलली की मोबाइलवर कळतं.

जांबोटी_रोड
@खडे_बाजार कणकुंबीच्या पुढे मोबाइलला रेंज मिळायची मारामार, तुमचा जीपीएस काय दवंडी पिटणार? आणि बॅटरीचा हिशेब करा. ८ एएचची बॅटरी, ट्रॅकर सतत २० मिलिअँपिअर ओढत असेल तर ४०० तास, म्हणजे सोळा-सतरा दिवसांत ती पार रिकामी. सेल्फ मारायची बंद होते त्याच्या कितीतरी आधी. गणपतीला गावी जाऊन आलात की आधी किक शोधा, आणि नव्या गाड्यांना ती पण नाही.

खडे_बाजार
स्लीप मोड नावाची गोष्ट असते हो. गाडी उभी असली की ट्रॅकर करंट बराच कमी ओढतो. स्वस्तातला माल घेऊन सगळ्या ट्रॅकरना नावं ठेवू नका.

उद्यमबाग_टर्नर
जांबोटीवाल्यांचं सॅगचं गणित बरोबर आहे, पण त्यावरून तीस हजारांचा शॉकअप कसा निघाला ते कळलं नाही. स्प्रिंग मऊ पडते तर स्प्रिंग बदला. अख्खा शॉकअप कशाला?

आमच्याकडे लेथवर पोरं येतात. "काका, पुढचा फोर्क डाइव्ह मारतो, म्हणून जाड ऑइल घातलं." ऑइलने डॅम्पिंग, म्हणजे हालचालीला होणारा अडथळा वाढतो, स्प्रिंगची ताकद नाही. ब्रेक मारल्यावर फोर्क बसतो तेवढाच, फक्त सावकाश बसतो. वर येतानाही सावकाश. एकामागे एक खड्डे आले की पहिल्यातून वर यायच्या आत दुसरा येतो, फोर्क खाली खाली बसत जातो आणि शेवटी दगडासारखा होतो. मग हाच पोरगा म्हणतो कंपनीचं सस्पेन्शनच भंगार. आधी फोर्कमधलं जुनं ऑइल काढून बघा. काळं पाणी झालेलं असतं, सील गळत असतं, त्याकडे कुणी बघत नाही. प्रीलोडला स्पेसर पाहिजे असेल तर उद्यमबागेत कुठल्याही लेथवर अर्ध्या तासात निघतो.

आणि लांब शॉकअप घालणाऱ्यांना एक विनंती. मागचा भाग वर गेला की साइड स्टँड तोकडा पडतो, गाडी जास्तच कलते. पार्किंगमध्ये शेजारच्या चार गाड्या घेऊन पडते. चेनची लाइन बदलते ती वेगळीच.

निपाणीची_स्प्लेंडर
हिमालयन, रायझर, पॅनिअर! तुमची चर्चा वाचून गंमत वाटली. इकडं गाडी जाते कुणाची? उसाच्या फडाकडं बांधावर लावलेली स्प्लेंडर. वजन ११२ किलो. दोघांनी उचलली की छोट्या टेम्पोत. तुमची १९९ किलोची ढकलायलाच चार माणसं पाहिजेत. जुन्या स्प्लेंडरचं कुलूप तर असं झिजलेलं असतं की चुलत्याची चावी पुतण्याच्या गाडीला लागते. आणि पार्ट कुठल्याही गल्लीत खपतात. चोराला शॉकअप नको असतो, गिऱ्हाईक पाहिजे असतं.

निपाणीतून कागल गाठायला कितीसा वेळ लागतो? केए २३ ची गाडी पहाटे महाराष्ट्रात, तिथं नंबर प्लेट बदलली की झालं. म्हणून जुनी गाडी घेणाऱ्यांनी पण बघून घ्या. एमएच ०९ ची (कोल्हापूरची) गाडी स्वस्त मिळते म्हणून उड्या मारतात, आरटीओची एनओसी (ना-हरकत) मागत नाहीत. चासी नंबरवर बोट फिरवून बघा, घासलेला लगेच कळतो. एनसीआरबीच्या (केंद्राच्या गुन्हे नोंद विभागाच्या) नोंदीत चोरीची गाडी आहे का ते डिजिटल पोलिस पोर्टलवर फुकट दिसतं.

तिसरं_गेट
@निपाणीची_स्प्लेंडर दादा, म्हणजे तुम्ही माझ्याच बाजूचे झाला की. कुलूप आधी!

निपाणीची_स्प्लेंडर
बाजूचा कसला? गाडीच उचलून नेतात तिथं तुमचं डिस्क लॉक काय करणार? माझ्या गाडीला डिस्कच नाही, ड्रम आहे.

शाळेची_गाडी
मी रोज खानापूरकडे शाळेत जाते, गाडी दिवसभर उघड्यावर. पूर्ण गाडी जायच्या आधी आरसे, पेट्रोल आणि मागची बॅग जाते, याबद्दल कुणी बोललंच नाही. आमच्या सहकाऱ्यांचे दोन्ही फॉग लाइट वायरसकट कापून नेले. विम्यातून काही मिळालं नाही, कारण बाहेरून बसवलेल्या वस्तू पॉलिसीत दाखवून वेगळा प्रीमियम भरावा लागतो. तो कोण भरतो?

दुसरं, तक्रारीबद्दल. ठाण्यात फिर्याद कन्नडमध्ये लिहिली जाते आणि आपली मंडळी मान डोलावून सही करतात. असं करू नका. लिहिलेलं वाचून दाखवायला सांगा, तो कायद्याने दिलेला हक्क आहे, एफआयआरची प्रतही फुकट मिळते. इंजिन आणि चासी नंबर आरसीशी ताडून बघा. एक आकडा चुकला तर विमा कंपनी तेवढ्यावर महिनेच्या महिने फिरवते. दोन्ही चाव्या मागतात, शोध लागला नाही तर पोलिसांचा तसा अहवाल, म्हणजे सी रिपोर्ट मागतात. हरवलेली चावी "नंतर बघू" म्हणून सोडून देणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा.

जांबोटी_रोड
बाईंचं म्हणणं पटलं. ॲक्सेसरीजबद्दल मी तिसरं गेटवाल्यांशी सहमत, त्या शेवटी. पण सस्पेन्शनला त्या रांगेत उभं करू नका. ब्रेक आणि टायरला तुम्ही ॲक्सेसरी म्हणता का?

तिसरं_गेट
ब्रेक-टायर कंपनीचेच असतात हो. तुम्ही बाहेरचा शॉकअप घालताय. मूळ रचनेत बदल चालणार नाही असं सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्येच सांगितलंय. उद्या अपघात झाला आणि विम्याच्या सर्व्हेअरने बोट ठेवलं तर?

जांबोटी_रोड
चासी कापणं आणि त्याच मापाचा शॉकअप घालणं यात फरक आहे. कोर्टाचं नाव घेऊन घाबरवू नका. आधी रस्ता नीट करा म्हणावं, मी स्टॉक शॉकअप परत बसवतो.

निपाणीची_स्प्लेंडर
टर्नर काका, भांडण चालू दे यांचं. स्प्लेंडरच्या स्पोकमधून केवढी साखळी जाईल? मळ्यात विजेच्या खांबाला बांधीन म्हणतो.

उद्यमबाग_टर्नर
विजेच्या खांबाला नको, पावसात शॉक बसेल. विहिरीच्या कठड्यात रिंग ओतून घ्या. साखळी दहा मिमीची, हार्डन केलेली. दुकानात हॅक्सॉ घासून बघा, ब्लेड घसरलं पाहिजे, चरा पडला तर ठेवून या. आणि बांधताना जमिनीवर लोळू देऊ नका. फरशीवर टेकलेली कडी घणाच्या दोन घावांत उघडते, हवेत ताणलेली नाही.