प्रति: खापरांवरून दर्जा ठरवता येतो का?

अमेरिकेच्या दक्षिणेतल्या गुलामगिरीच्या काळातल्या मळ्यांच्या उत्खननाबद्दल असं म्हटलं जातं की नक्षीदार इंग्लिश चिनीमाती सापडली की घर मळेवाल्याचं आणि साधी खापरं सापडली की गुलामांचं. भाताच्या मळ्यांवर हे इतकं सरळ नव्हतं.

हा ठोकताळा रूढ झाला तो मुख्यतः जॉर्जिया राज्यातल्या कॅनन्स पॉइंट या मळ्याच्या उत्खननामुळे. पण तो मळा कापसाचा. तिथेही पगारी गोऱ्या ओव्हरसियरची (गुलामांच्या कामावर देखरेख ठेवणाऱ्याची) भांडी मालकापेक्षा गुलामांच्या भांड्यांशी जास्त जुळणारी निघाली, म्हणजे कातडीचा रंग आणि ताटातली ऐपत एक नव्हती.

भातशेतीत रोजचं काम नेमून दिलेलं असे, साधारण पाव एकराचा तुकडा. तो संपला की उरलेला वेळ स्वतःचा. त्यात लोक कोंबड्या पाळत, मासे धरत, वस्तू बनवून विकत. जॉर्जियातल्याच आल्टामाहा नदीतल्या बटलर आयलंड या भाताच्या मळ्यावर १८३९ च्या सुमारास राहिलेल्या फॅनी केंबलने, म्हणजे मालकाच्याच बायकोने, तिथल्या दोन गुलाम सुतारांनी फावल्या वेळात बनवलेली होडी ६० डॉलरला विकल्याची नोंद केली आहे. अशा सुताराच्या झोपडीत नक्षीची बशी निघाली, तर ती मालकाची उतरलेली भांडी असं आपण का धरून चालायचं? ती त्याने स्वतः विकत घेतलेलीही असू शकते. मला हे फार महत्त्वाचं वाटतं, कारण नाहीतर त्या माणसाची मेहनत आपण दुसऱ्यांदा मालकाच्या खाती जमा करतो.

याच मळ्यावरची आणि त्याच मालकाच्या कापसाच्या मळ्यावरची मिळून चारशेहून अधिक माणसं १८५९ मध्ये सव्हाना शहराजवळ लिलावात विकली गेली. खापरं वाचताना हेही सोबत ठेवायला हवं: हातात थोडा पैसा असणं आणि स्वतःच्या देहावर हक्क असणं यांत जमीनअस्मानाचं अंतर होतं.