भाऊ चाकणला अप्रेंटिस लागतोय, आधी काय शिकवू?

प्रश्न: लहान भाऊ आयटीआय फिटर झालाय, पुढच्या महिन्यात चाकण एमआयडीसीत जॉईन होतोय, घरात कंपनीत जाणारा तोच पहिला, तर काय तयारी करून घेऊ?

उत्तर १: मापं घ्यायचा सराव. व्हर्नियर 0.02 मिमीपर्यंत मोजतो, मायक्रोमीटर 0.01 मिमीपर्यंत, हे सगळ्यांना पाठ असतं पण जॉब (मोजायचा तुकडा) हातात दिला की पोरं झीरो एरर (जबडे मिटवल्यावरही शून्य न दाखवणं) न बघताच रीडिंग सांगतात. आधी जबडे पुसायचे, मिटवून झीरो बघायचा, मगच माप.

उत्तर २: ड्रिलवर हातमोजे अजिबात नको, हातमोजा अडकला की हातच ओढला जातो! चिप्स (धातूचा कीस) ब्रशनेच काढायच्या, तेही मशीन बंद करून.

उत्तर ३: वरचं बरोबर. अप्रेंटिसशिपचं कॉन्ट्रॅक्ट सरकारच्या अप्रेंटिसशिप पोर्टलवर रजिस्टर झालंय का तेवढं बघा दादा, सर्टिफिकेटला लागतं.