अनंताची पानं पिवळी, कळ्या उमलण्याआधीच गळतात

वेंगुर्लेकरीण:
नमस्कार. वेंगुर्ल्याला आमच्या मागीलदारी न्हाणीजवळ अनंत आहे, सासूबाईंनी फांदी टोचून लावलेला. मिरगाच्या आगेमागे एवढा फुलायचा की देवाची परडी भरून शेजारी फुलं वाटायचो. सासूबाई जाऊन तीन वर्षं झाली. गेली दोन वर्षं झाडाची रयाच गेली आहे. कोवळी पानं पिवळी निघतात, शिरा तेवढ्या हिरव्या. कळ्या धरतात, बोटाच्या पेराएवढ्या होतात आणि देठाशी पिवळ्या पडून गळतात. सकाळी झाडाखाली पाच-सहा तरी सापडतात, हातात घेतल्या की जीव तुटतो. शेणखत घालते, रोज पाणी, दर आठवड्याला पाणचुलीची राख. काय चुकतंय? हे झाड मला जाऊ द्यायचं नाही.

खळ्यातली बाग:
पाणी जास्त होतंय. मुळं कुजतात. आठवडाभर तोडून बघा.

वेंगुर्लेकरीण:
तोडून पाहिलं, कळ्या आणखीच गळल्या. जमीन जांभ्याची, उताराची आहे. पाणी ठरत नाही.

राजापूरचा रोपवाला:
ताई, पहिल्यांदा राख थांबवा. माडाला राख चांगली, अनंताला नाही. अनंताला आंबट माती लागते, सामू (पीएच) 5 ते 6 च्या दरम्यान. आपली जांभ्याची माती मुळातच तशी, म्हणून कोकणात तो फार लाड न करता वाढतो. राखेने मातीचा आंबटपणा जातो. मग मातीत लोह असूनही मुळांना उचलता येत नाही. कोवळं पान पिवळं आणि शिरा हिरव्या, ही लोहाचीच खूण. जुनी पानं थंडीत पिवळी होऊन गळली तर घाबरू नका, ते चालायचंच.

न्हाणीचं साबणाचं पाणी तिकडे जातं का? जवळ चुना-सिमेंटचं काम झालंय का? बुंध्याजवळची मूठभर माती वाटीत घेऊन वर व्हिनेगर ओता. फसफसली तर चुना आहे.

तूर्त एक लिटर पाण्यात 5 ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) आणि अर्ध्या लिंबाचा रस, ताजं करून संध्याकाळी पानांवर फवारा. पंधरा दिवसांनी पुन्हा, असं तीनदा. लादीवर सांडू नका, तांबडे डाग जात नाहीत. यानं पानं सावरतील, पण माती सुधारल्याशिवाय रोग परत येईल.

खळ्यातली बाग:
हे मला माहीत नव्हतं, माझ्याही अनंताला राख घालते. छाटणी कधी करायची?

राजापूरचा रोपवाला:
बहर सरला की लगेच, भर पावसातही चालेल. दिवाळीच्या साफसफाईत कात्री लावली तर येणारा बहर शेंड्यांबरोबर जातो. मार्गशीर्षापासून बुंध्याला पातेऱ्याचा, म्हणजे वाळक्या पानांचा, चांगला वीतभर थर द्या, खोडाला मात्र चिकटवू नका. चैत्र-वैशाखात दुपारचं ऊन अडेल असं काहीतरी हवं, आणि पाणी सकाळी, रोज सारखंच. एक दिवस कोरडं, दुसऱ्या दिवशी बादली, असं झालं की कळी गळतेच. पावसात बुंध्याशी तळं होऊ देऊ नका.

वेंगुर्लेकरीण:
काका, न्हाणीकडची माती फसफसली, गडग्याकडची नाही. दोन वर्षांपूर्वी न्हाणीची भिंत नव्याने बांधली, तेव्हाचा सगळा मलबा तिथेच दाबला होता. काल आम्ही दोघांनी मुळं सांभाळत दोन घमेली काढला. मोरीचं पाणी पन्हळ घालून दुसरीकडे वळवलं.

आणि राखेचं आठवलं. सासूबाई राखेची टोपली घेऊन न्हाणीतून निघायच्या त्या थेट माडाकडे. अनंत वाटेतच, तरी त्याला चिमूटभरही नाही. मला वाटायचं विसरतात, म्हणून मी घालायला लागले.

हिराकस आज संध्याकाळी मारते. झाडावर अजून अकरा कळ्या आहेत, मोजल्यात.