'लग्न केलं', 'लग्न झालं' आणि नाखुशीच्या लग्नाला नेमका शब्द

प्रश्न :
सध्या एका इंग्रजी ऐतिहासिक प्रेमकादंबरीचा अनुवाद हाती आहे. काळ रीजन्सीचा, १८११ ते १८२० मधला; राजा तिसरा जॉर्ज आजारी आणि त्याचा मुलगा रीजंट म्हणून कारभार बघतोय तेव्हाचा. नायिका ड्यूकची मुलगी, सदा पुस्तकात डोकं घातलेली. नायक कर्जबाजारी अर्ल, घोड्यांपलीकडे काही न सुचणारा. दोघांनाही हे लग्न नकोय, तरी तिसऱ्या प्रकरणात ते होतं.

लेखिका या लग्नाला पुन्हा पुन्हा 'रिलक्टंट' म्हणते आणि तिथेच मी अडले आहे. 'अनिच्छेचा विवाह' लिहिलं, तर ते सरकारी अर्जातलं वाटलं. 'मनाविरुद्धचं लग्न' म्हणावं, तर तिला कोणी बोहल्यावर ओढत नेल्यासारखं वाटतं, आणि तसं काही घडलेलं नाही. 'नाखुशीचं' म्हणू की 'नाइलाजाचं'? शिवाय 'मिसमॅच्ड'साठी 'बेजोड' चालेल का?

प्रतिसाद :
'बेजोड' अजिबात नको, अर्थच उलटा होईल. ज्याला जोड नाही ते बेजोड, म्हणजे अप्रतिम. तुम्हाला हवाय तो 'विजोड'. पण तोही सगळीकडे बसणार नाही. 'विजोड जोडपं' म्हटलं की मराठी वाचकाला आधी वयातलं किंवा दिसण्यातलं अंतर दिसतं, स्वभावातलं नंतर. तुमच्या गोष्टीत घराण्यांचा मेळ बसतोय, बिनसलंय ते माणसांचं. त्यासाठी आपल्याकडे 'तोलामोलाचं' हा फार चांगला शब्द आहे. 'घराणी तोलामोलाची होती, माणसं विजोड होती' असं एकदा लिहिलंत की पुढे हा शब्द पुन्हा वापरायची गरज पडणार नाही.

प्रतिसाद :
ताई, तुमचे दोन्ही शब्द बरोबर आहेत, फक्त त्यांच्या जागा वेगळ्या आहेत. नाखुशी मनात असते, नाइलाज परिस्थितीत. माणूस नाही म्हणू शकतो पण म्हणत नाही, तेव्हा ती नाखुशी. नाही म्हणायला वाटच उरली नाही, तेव्हा नाइलाज. इलाज म्हणजे उपाय, आणि तुमच्या कादंबरीच्या काळात लग्न एकदा लागलं की इंग्लंडमध्ये खरोखरच उपाय नसे. पुन्हा लग्न करता येईल असा घटस्फोट हवा असेल, तर १८५७ च्या कायद्याआधी पार्लमेंटकडून आपल्यापुरता वेगळा कायदा मंजूर करून घ्यावा लागे. त्याचा खर्च अफाट होता, आणि बायकांच्या पदरात असा घटस्फोट जवळजवळ कधीच पडत नसे. बायकोच्या हातातला पैसाअडकाही लग्नाबरोबर नवऱ्याचा होई. माहेरच्यांनी करारात काही राखून ठेवलं असेल तेवढंच तिचं. म्हणून मी लग्नाआधीच्या पानांवर 'नाखुशी' ठेवेन आणि नंतरच्या पानांवर 'नाइलाज'.

पण मला खरं सांगायचंय ते वेगळंच. विशेषणाच्या मागे लागूच नका. मराठीत राजी-नाराजी क्रियापद सांगतं. ही चार वाक्यं मोठ्याने वाचून बघा :

तिने अर्लशी लग्न केलं.
तिचं अर्लशी लग्न झालं.
तिचं अर्लशी लग्न लावून दिलं.
तिला अर्लच्या घरी दिली.

पहिल्या वाक्यात ती कर्ती आहे. दुसऱ्यात लग्न पाऊस पडावा तसं पडलंय, कोणी पाडलं ते वाक्य सांगत नाही. तिसऱ्यात कोणीतरी आहे, पण पडद्याआड. चौथ्यात तर ती वस्तू झाली. कपाटातलं काही काढून शेजारी द्यावं तशी 'दिली'. 'अनिच्छा' हा शब्द एकदाही न वापरता इच्छेच्या चार पायऱ्या उभ्या राहतात. इंग्रजी लेखिकेला विशेषण लावून जे सांगावं लागलं, ते तुम्हाला 'झालं' या दोन अक्षरांत मिळतंय. ते सोडू नका.

चर्चमधल्या लग्नाचा प्रसंग असेलच. इंग्लंडच्या चर्चचा विधी १६६२ च्या प्रार्थनापुस्तकाप्रमाणे चाले. त्यात पाद्री आधी वराला विचारतो, मग वधूला, की याला नवरा म्हणून पत्करशील का. आणि तिला स्वतःच्या तोंडाने 'आय विल' म्हणावं लागतं. त्याला लागूनच पुढचा प्रश्न येतो : या स्त्रीला या पुरुषाला कोण देतं? म्हणजे आत्ता ती लग्न 'करत' होती आणि पुढच्याच क्षणी तिला 'देताहेत'. हा प्रसंग अनुवादताना 'स्वीकार करते' आणि 'देतो' ही दोन्ही क्रियापदं जवळजवळ येऊ द्या. मध्ये वर्णन घालून त्यांना लांब करू नका. नायिकेचा सगळा कोंडमारा त्या दोन क्रियापदांमधल्या जागेत आहे.

आणखी एक. ती एकवीसच्या आतली असेल, तर १७५३ च्या कायद्याने लायसन्स काढून करायच्या लग्नाला वडिलांची परवानगी लागे. तिथे 'संमती' कोरडा वाटतो. मी 'ड्यूकने रुकार दिला' असं लिहीन. 'होकार' मात्र तिच्यासाठी राखून ठेवा. रुकार वडीलधाऱ्यांचा, होकार जिला विचारलं तिचा. माझ्या कानाला तरी हा फरक स्पष्ट ऐकू येतो.

मूळ प्रश्नकर्ती :
'झालं' आणि 'केलं' वाचून काल रात्री तिसरं प्रकरण पुन्हा उघडलं. सतरा ठिकाणी मी 'विवाहबद्ध झाली' लिहून ठेवलं होतं. सगळं काढलं. मनापासून आभार.

आता आणखी दोन अडचणी. एक, लग्नाच्या करारात बायकोला दरवर्षी मिळायची जी रक्कम ठरते, तिला 'पिन मनी' म्हटलंय. दोन, संवाद. नवरा-बायको एकमेकांना 'माय लॉर्ड' आणि 'लेडी अमुक' म्हणतात. मी तिच्या तोंडी 'अहो' घातलं आणि त्याच्या तोंडी 'तू'. काहीतरी खटकतंय.

प्रतिसाद :
पिन मनीला आपल्या जुन्या कागदांत अगदी नेमका शब्द आहे, 'चोळीबांगडी'. राजघराण्यातल्या स्त्रियांच्या खासगी खर्चासाठी गावं लावून देत, ती चोळीबांगडीची. कल्पना तीच, पण इंग्लंडमधल्या काउंटेसला, म्हणजे अर्लच्या बायकोला, चोळी आणि बांगडी नेसवता-घालता येणार नाही, म्हणून मन मारून सोडावा लागेल. 'नेमणूक' हाही याच अर्थाने चालायचा, पण आजच्या वाचकाला नोकरीच आठवेल. साधं 'हातखर्चाची रक्कम' लिहा. 'हुंडा' आणि 'स्त्रीधन' दोन्ही टाळा, त्या शब्दांबरोबर आपल्याकडची सगळी भांडणं आत येतात.

प्रतिसाद :
'अहो' खटकतंय, कारण त्या एका शब्दाने इंग्लंडमधला वाडा आपल्या माजघरात आला. शिवाय 'अहो' आणि 'तू' या जोडीत एक वर आहे, एक खाली. मूळ संवादात दोघंही एकमेकांना सारख्याच अंतरावर ठेवताहेत. ते अंतर आदराचं कमी आणि परकेपणाचं जास्त. म्हणून दोघांच्याही तोंडी 'तुम्ही' घाला. 'माय लॉर्ड' तसंच ठेवा, 'स्वामी' किंवा 'सरकार' नको.

मग प्रश्न उरतो की 'तू' कधी? त्या काळच्या इंग्रजीत रोजच्या बोलण्यात 'यू' एकच, त्यामुळे लेखिकेने तो क्षण सर्वनामात लिहिलेला नाही. पण तो कुठेतरी आहे. एखाद्या पानावर तो तिला 'लेडी अमुक' सोडून पहिल्यांदा नुसत्या नावाने हाक मारत असेल. ते पान शोधा.

मूळ प्रश्नकर्ती :
सापडलं. एकोणिसावं प्रकरण, तबेला, रात्र. त्याची घोडी वितेय आणि ही कंदील धरून उभी आहे. घाईत तो फक्त नाव घेतो आणि 'कंदील जरा खाली' म्हणतो. मी तिथे 'धरा'चं 'धर' केलंय. ती मात्र अजून तीन पानं 'तुम्ही'च म्हणतेय, आणि मला वाटतं ते तसंच राहू द्यावं.