राजीनामा मी दिला, की माझ्याकडून तो घेतला गेला?

अबोली यांचा प्रश्न

सर्वांना नमस्कार. अकरा वर्षे एकाच संस्थेच्या लेखा विभागात काम केल्यानंतर पाच आठवड्यांपूर्वी मी नोकरी सोडली. राजीनाम्यात कारण ‘वैयक्तिक’ असे लिहिले आहे, पण तो शब्द माझा नाही. मला खोलीत बोलावले तेव्हा पत्र आधीच छापून टेबलावर ठेवलेले होते. माझे नाव, हुद्दा, तारीख सगळे जागच्या जागी होते आणि शेजारी टोपण काढलेले पेन होते. ‘सन्मानाने जा, नाहीतर कामगिरी असमाधानकारक असल्याची नोंद करून आम्हाला काढावे लागेल,’ एवढेच मला सांगण्यात आले. मी सही केली, कारण त्या क्षणी त्या खोलीतून बाहेर पडण्याची दुसरी वाट मला दिसत नव्हती.

त्यापूर्वीच्या चौदा महिन्यांविषयी सांगताना मी अजूनही अडखळते. नवे विभागप्रमुख रुजू झाले आणि पहिल्याच तिमाहीत त्यांच्या सादरीकरणातला एक आकडा चुकल्याचे मी बैठकीत दाखवून दिले. माझे बोलणे उद्धटपणाचे नव्हते, तरी तेव्हापासून त्यांनी माझ्यावर डूख धरला. साडेनऊची बैठक नऊ वाजता ठरल्याचे मला सोडून सर्वांना कळवले गेले. मी दार उघडले तेव्हा त्यांनी घड्याळाकडे पाहिले आणि काही न बोलता आपले बोलणे पुढे चालू केले. माझी बसण्याची जागा प्रिंटरशेजारी, भिंतीकडे तोंड करून, हलवण्यात आली. माझे अहवाल परत येत तेव्हा त्यात स्वल्पविरामांभोवती लाल वर्तुळे असत आणि आकड्यांविषयी एक शब्दही नसे. वर्षानुवर्षे मी सांभाळलेले काम हळूहळू काढून घेतले गेले, आणि मग वार्षिक मूल्यांकनात ‘पुरेशी जबाबदारी घेत नाही’ असा शेरा आला.

यातली एकेक गोष्ट सुटी काढून सांगू लागले की मलाच ती क्षुल्लक वाटू लागते, आणि ऐकणाराही ‘एवढेच ना?’ असे म्हणतो. पण रविवारची संध्याकाळ झाली की माझे हात गार पडत. शेवटचे काही महिने लिफ्टसमोर उभी राहिले की छातीत धडधड होई, म्हणून मी जिन्याने जात असे.

मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. याला छळ म्हणायचे, की मीच कमी पडले? स्वतःच्या हाताने सही केल्यावर आता काही करता येते का? आणि पुढच्या मुलाखतीत नोकरी का सोडली असे विचारले, तर काय सांगायचे?

सुकाणू यांचे उत्तर

अबोलीताई, मी बरीच वर्षे मनुष्यबळ विभागात काम केले आहे आणि, हे लिहिताना मला जड जाते, पण तुम्ही वर्णन केले आहे तशा दोन बैठकींत मी टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसलेलो होतो. त्यामुळे पत्र आधीच का छापलेले असते हे मला ठाऊक आहे. माणसाला विचार करायला एक रात्र मिळाली, तर तो घरच्यांशी बोलतो, वकिलाला फोन करतो आणि बहुतेक वेळा सही करत नाही. घाई तुमच्याकडून झाली नाही, ती घडवून आणली गेली.

पहिल्या प्रश्नाविषयी सविस्तर लिहितो, कारण बाकी दोन्ही प्रश्न त्यावरच उभे आहेत. स्वीडनमध्ये काम करणारे मानसशास्त्रज्ञ हाइन्झ लेमन यांनी १९८० च्या दशकात नेमक्या याच प्रकाराचा अभ्यास केला आणि त्याला ‘मॉबिंग’ हे नाव दिले. लहान पक्ष्यांचा थवा मिळून एखाद्या मोठ्या शिकारी पक्ष्यावर तुटून पडतो त्या वागण्यासाठी प्राणिशास्त्रात वापरला जाणारा हा शब्द त्यांनी कार्यालयात आणला. त्यांनी अशा वागणुकीचे ४५ प्रकार नोंदवले: बोलू न देणे, निरोप न पोहोचवणे, इतरांपासून दूर बसवणे, काम काढून घेणे किंवा कुवतीपेक्षा फारच हलके काम देणे, पाठीमागे बदनामी करणे. तुमची भिंतीकडे वळवलेली खुर्ची आणि न मिळालेला निरोप या यादीत जवळपास जसेच्या तसे सापडतील. लेमन यांचे महत्त्वाचे म्हणणे असे होते की यातली कोणतीही कृती एकेकटी पाहिली तर किरकोळच दिसते. ती आठवड्यातून किमान एकदा आणि किमान सहा महिने होत राहिली की तिचा परिणाम आजारपणापर्यंत जातो. म्हणजे ‘एवढेच ना?’ हा प्रश्न चुकीच्या जागी विचारला जातो. एका प्रसंगाचे वजन करून भागत नाही, चौदा महिन्यांचे करावे लागते.

तरीही एक फरक प्रामाणिकपणे सांगायला हवा. कडक वरिष्ठ आणि छळ करणारा वरिष्ठ एक नव्हेत. कडक वरिष्ठ चूक दाखवतो, ती कशी सुधारायची ते सांगतो, सुधारायला वेळ देतो आणि सगळ्यांना तोच नियम लावतो. तुमच्या अहवालातल्या आकड्यांविषयी कोणी बोललेच नाही, हे मला सर्वांत बोलके वाटते. ज्याला काम सुधारून हवे असते, तो स्वल्पविरामांवर थांबत नाही.

माणसाला काढून टाकण्याऐवजी त्याने आपण होऊन जावे अशी परिस्थिती निर्माण करणे, हे काही संस्थांत धोरण म्हणूनही चालते. फ्रान्स टेलिकॉम या कंपनीला सुमारे २२,००० कर्मचारी कमी करायचे होते आणि त्यांतल्या अनेकांना सरकारी नोकराचे संरक्षण असल्याने सरळ काढता येत नव्हते. तेव्हा लोक वैतागून निघून जातील असे वातावरण मुद्दाम तयार करण्यात आले, आणि त्या काळात अनेक कर्मचाऱ्यांनी आत्महत्या केल्या. डिसेंबर २०१९ मध्ये पॅरिसच्या न्यायालयाने कंपनीला आणि तिच्या माजी वरिष्ठ अधिकाऱ्यांना संस्थात्मक मानसिक छळासाठी दोषी ठरवले. तिथेही कागदावर कित्येक जण ‘स्वेच्छेने’ गेलेले होते.

आता सहीविषयी. देशोदेशीचे कायदे वेगळे आहेत, म्हणून मी फक्त दिशा सांगतो. ब्रिटन, कॅनडा यांसारख्या देशांत असे तत्त्व मान्य आहे की मालकाने आपल्या वागणुकीने नोकरीच्या कराराचा पायाच मोडला असेल आणि त्यामुळे कर्मचारी बाहेर पडला असेल, तर राजीनामा लिहिलेला असूनही त्याला बडतर्फी मानता येते. धाक दाखवून घेतलेला राजीनामा खरा राजीनामा नव्हे, हा युक्तिवादही अनेक ठिकाणी ऐकला जातो. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०१९ मध्ये कामाच्या जगातील हिंसा आणि छळ यांविषयी १९० क्रमांकाचा करार संमत केला, आणि ज्यांची नोकरी संपुष्टात आली आहे अशांनाही त्यात संरक्षणाच्या कक्षेत धरले आहे. तो तुमच्या देशाने स्वीकारला आहे की नाही यावर त्याचा प्रत्यक्ष उपयोग अवलंबून राहील, पण ‘आता मी तिथली नाही, मला बोलण्याचा अधिकार काय?’ असे तुम्हाला वाटत असेल तर ते मनातून काढून टाका.

दोन कामे मात्र याच आठवड्यात करा. कामगार कायद्यातल्या वकिलाला किंवा कामगार संघटनेला भेटा, कारण दाद मागण्याची मुदत बऱ्याच ठिकाणी काही महिन्यांचीच असते आणि तुमचे पाच आठवडे गेलेले आहेत. आणि त्या खोलीत काय घडले ते आजच लिहून काढा: किती वाजता बोलावले, कोण कुठे बसले होते, कोण काय म्हणाले, पत्र कोणी पुढे सरकवले. वकिलाच्या संमतीने संस्थेला एक छोटे पत्रही पाठवता येईल की राजीनाम्यातील मजकूर माझा नव्हता आणि तो कोणत्या परिस्थितीत घेतला गेला. संस्थेची गोपनीय कागदपत्रे मात्र पुराव्याच्या ओढीने स्वतःकडे ठेवू नका. खरी बाजू असलेली माणसे तिथेच अडकलेली मी पाहिली आहेत. मनुष्यबळ विभागाकडे तक्रार करायची असेल तर ती लेखी करा आणि पोहोच घ्या. तिथली माणसे वाईट नसतात, परंतु तो विभाग शेवटी मालकाच्या वतीने काम करतो, हे लक्षात असू द्या.

पाऊलखूण यांचे उत्तर

मी तुमच्याच वाटेने चार वर्षांपूर्वी गेले आहे. कायद्याचे सुकाणू यांनी सांगितले आहेच, म्हणून मी शरीराविषयी लिहिते.

नोकरी सुटली की दुसऱ्या दिवसापासून बरे वाटेल अशी माझी समजूत होती, आणि तसे झाले नाही तेव्हा मी स्वतःलाच दोष देऊ लागले. माझ्या वरिष्ठांच्या संदेशासाठी मी फोनवर वेगळा आवाज ठेवलेला होता. नोकरी सोडून तीन महिने झाले असताना रांगेत पुढे उभ्या असलेल्या अनोळखी माणसाच्या फोनवर तोच आवाज वाजला, आणि माझ्या हातातली पिशवी खाली पडली. महिनोन्महिने सतत धोक्याची वाट पाहणारे शरीर एका राजीनाम्याने सावरत नाही. डॉक्टरांकडे जा, आणि त्यांना फक्त ‘झोप येत नाही’ असे न सांगता कामावर काय घडले तेही सांगा, म्हणजे ते त्यांच्या नोंदीत येईल. ही नोंद उपचारासाठी लागते, आणि पुढे तक्रार केलीत तर तिथेही तिचा आधार मिळतो.

एक शब्द जपून वापरा. मला सगळे जण ‘तुला बर्नआउट झाला आहे’ असे सांगत होते. जागतिक आरोग्य संघटनेने आजारांच्या अकराव्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात बर्नआउटची नोंद केली आहे, पण आजार म्हणून नव्हे, तर कामाच्या ठिकाणच्या नीट न हाताळल्या गेलेल्या दीर्घ ताणातून उद्भवणारी स्थिती म्हणून. माझ्या बाबतीत तो शब्द वापरला गेला की बोलणे माझ्या सहनशक्तीवर येऊन थांबे, आणि कोणी तरी काही तरी केले होते ही गोष्ट बाजूला पडत असे. तुम्ही कामाने थकला नव्हता. तुम्हाला काम करू दिले जात नव्हते.

मुलाखतीचे सांगते. पहिल्या दोन मुलाखतींत मी सगळे सांगत बसले, माझा आवाज कापू लागला आणि समोरची माणसे अवघडली. मग मी एक वाक्य ठरवले आणि ते आरशासमोर इतक्या वेळा म्हटले की ते माझे झाले: ‘विभागाचे नेतृत्व बदलल्यानंतर माझ्याकडचे काम कमी करण्यात आले, आणि मला पूर्ण जबाबदारीचे काम हवे होते, म्हणून मी बाहेर पडले.’ त्यात खोटे काही नाही. त्यानंतर मी लगेच केलेल्या कामाकडे वळत असे. अकरा वर्षांत तुम्ही काय काय सांभाळलेत त्याची टिपणे आताच करून ठेवा. ताणातून गेलेल्या माणसाला स्वतःची चांगली कामे सर्वांत आधी विसरायला होतात.

तळटीप यांचे उत्तर

मी गप्प बसलेल्यांपैकी एक आहे. आमच्या विभागातल्या एका सहकाऱ्याबरोबर हेच होत असताना मी मान खाली घालून काम करत राहिलो, कारण त्याच्यावरची नजर माझ्याकडे वळेल अशी मला भीती होती. तो गेला त्या दिवशी मी त्याच्याशी बोललोही नाही.

तुम्हाला जुन्या सहकाऱ्यांची मदत लागेल, म्हणून आमच्यासारख्यांच्या बाजूने एक गोष्ट सांगतो. ‘माझ्या बाजूने उभे राहा’ असे म्हटले की माणूस घाबरून मागे सरतो. त्याऐवजी एकच नेमकी गोष्ट विचारा, उदाहरणार्थ, ‘बैठकीची वेळ बदलल्याचा निरोप तुला कधी आणि कोणाकडून आला होता?’ खरे उत्तर देणे एवढेच त्याच्याकडून मागितले जाते, आणि ते देण्याइतके धैर्य बहुतेकांकडे असते. माझ्या सहकाऱ्याने मला असे विचारले असते, तर मी उत्तर दिले असते.

आणि लढायची ताकद सध्या नसेल, तर तसे ठरवण्याचाही तुम्हाला अधिकार आहे. प्रकरणे लांबतात, आणि प्रत्येक तारखेला तेच दिवस पुन्हा उकरावे लागतात. सुकाणू यांच्याशी माझा तेवढाच मतभेद आहे: वकिलाला भेटा, मुदत जाणून घ्या, पण पुढे जायचे की नाही हे डॉक्टरांना भेटल्यानंतर ठरवा.

अबोली यांचे उत्तर

आपण तिघांनी लिहिलेले मी अनेकदा वाचले. उत्तर द्यायला नऊ दिवस लागले त्याबद्दल क्षमा असावी.

त्या खोलीतला प्रसंग लिहायला बसले तेव्हा अर्धे पान होईल असे वाटले होते. सात पाने झाली. लिहिताना एक गोष्ट आठवली जी मी पूर्ण विसरले होते: सही झाल्यावर विभागप्रमुखांनी पेनाला टोपण लावून ते स्वतःच्या खिशात ठेवले. पेनही त्यांचेच होते. वकीलबाईंनी ते वाक्य खुणेने अधोरेखित केले.

तळटीप यांनी सांगितल्याप्रमाणे एका जुन्या सहकारिणीला मी बैठकीच्या निरोपाविषयी तेवढाच प्रश्न विचारला. दोन दिवस काही उत्तर आले नाही. तिसऱ्या दिवशी तिने लिहिले की निरोप आदल्या संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी ईमेलने आला होता, तो नऊ जणांना पाठवलेला होता आणि त्यात माझे नाव नव्हते, हे तिने त्याच दिवशी पाहिले होते. कोणी विचारले तर ती हे सांगेल. शेवटी तिने लिहिले आहे, ‘मला तेव्हाच बोलायला हवे होते.’

डॉक्टरांची भेट मंगळवारी आहे. तक्रार करण्यासाठी वकीलबाईंच्या हिशेबाने माझ्याकडे अजून सहा आठवडे आहेत, त्यामुळे तो निर्णय मी मंगळवारनंतर घेईन. राजीनाम्यातील ‘वैयक्तिक’ हा शब्द माझा नव्हता, एवढे सांगणारे चार ओळींचे पत्र मात्र काल त्यांच्या सल्ल्याने पाठवले आहे. ते मी स्वतः लिहिले आणि स्वतःच्या पेनाने त्यावर सही केली.