पिरोज्याला इतक्या संस्कृतींत मान का मिळाला?

प्रश्न
इजिप्त, इराण, तिबेट आणि अ‍ॅझ्टेकांचा मेक्सिको अशा दूरदूरच्या प्रदेशांत पिरोजा हा निळा-हिरवा रत्नदगड मोलाचा मानला गेला. तो हिऱ्यासारखा पारदर्शक नाही आणि फारसा कठीणही नाही. मग हा मान केवळ रंगामुळे मिळाला का? शिवाय, धारण करणाऱ्यावर संकट येणार असेल तर पिरोजा फिका पडतो, या समजुतीत काही तथ्य आहे का?

प्रतिसाद १
रंगाचे महत्त्व आहेच, पण भूशास्त्र विसरून चालणार नाही. पिरोजा हे तांबे आणि अ‍ॅल्युमिनियम यांचे जलयुक्त फॉस्फेट असून, कोरड्या प्रदेशांतील तांबेयुक्त खडकांत पाणी झिरपत गेले की ते भेगांमध्ये, बहुधा पृष्ठभागाजवळच, साचते. त्यामुळे ते खोल न खणताही हाती लागे, आणि मोहस श्रेणीवर (खनिजांची कठीणता १ ते १० अशी मोजणारी श्रेणी) त्याची कठीणता ५ ते ६ एवढीच असल्याने साध्या हत्यारांनी घासताही येई. इजिप्तच्या सिनाई द्वीपकल्पातील सेराबित एल-खादिम येथे खाणींजवळच हाथोर देवीचे मंदिर होते आणि तिला ‘पिरोज्याची स्वामिनी’ म्हणत. इजिप्तचा राजा तिसरा अमेनेमहात याच्या काळातील एका अधिकाऱ्याने तिथल्या शिलालेखात आपण अवेळी मोहिमेवर आल्याचे आणि उन्हाळ्यात पिरोज्याचा रंग बिघडत असल्याचे नोंदवले आहे. (सरकारी कामाची वेळ चुकणे तेव्हाही होतेच!)

प्रतिसाद २
फिकेपणाचे निरीक्षण खरे आहे, त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र नाही. हा दगड सच्छिद्र असतो. घाम, तेल आणि अत्तर तो शोषून घेतो, उष्णतेने त्यातील पाणी कमी होते आणि निळा रंग हिरवट किंवा फिका होतो. मुळातला निळेपणा तांब्यामुळे येतो, तर लोहाचे प्रमाण वाढले की हिरवी छटा दिसते. इराणमधील निशापूरचा आकाशी पिरोजा म्हणूनच सर्वांत उंची समजला गेला. लडाखमध्ये पिरोजे जडवलेला ‘पेराक’ हा शिरोभूषणाचा प्रकार परंपरेने आईकडून थोरल्या मुलीकडे जातो.

प्रतिसाद ३
निळा-हिरवा रंग म्हणजे पाणी आणि आकाश, हे समीकरण सगळीकडे लागू करू नये, असे माझे मत आहे. अ‍ॅझ्टेकांचा ‘पिरोज्याचा स्वामी’ म्हणजे शिउतेकुतली हा देव, आणि तो अग्नीचा! ब्रिटिश म्युझियममधील दोन तोंडांचा सर्प जवळून पाहिला, तर लाकडावर राळेने चिकटवलेले पिरोज्याचे बारीक तुकडे वळणावळणाने कसे बसवले आहेत ते दिसते. हा पिरोजा आजच्या अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागातून येई, असे दीर्घकाळ मानले जात होते. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या समस्थानिकांच्या (एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वस्तुमानाच्या अणूंच्या) अभ्यासातून मात्र अ‍ॅझ्टेक आणि मिश्टेक (मेक्सिकोतील आणखी एक प्राचीन समाज) वस्तूंतील बराचसा पिरोजा मेसोअमेरिकेतीलच (मेक्सिको आणि त्याला लागून असलेला मध्य अमेरिकेचा भाग) असावा, असे दिसून आले.