घरात नवा विश्वास आला, ती पहिली वर्षं : अनुभव लिहा

दारव्हा तालुका, जि. यवतमाळ

आपल्या ख्रिस्ती सभेत साक्ष द्यायला उभे राहिलो की आपण सगळे शेवटच सांगतो. दारू सुटली, शांती मिळाली, प्रभूने सांभाळलं. ते खरंच असतं. पण तिथवर पोचेपर्यंत घरात काय काय झालं ते कोणी सांगत नाही, आणि नव्याने विश्वासात आलेल्या बायांना भीती वाटते ती त्या मधल्या दिवसांचीच. परवा आमच्या संगतीत, म्हणजे प्रार्थनेला जमतो तिथे, एका सुनेने विचारलं, "पोळ्याले बैलाइचं काय करता तुमी?" तिला सांगता सांगता तास गेला. म्हणून म्हटलं, सगळ्यांनीच लिहावं. सण, सोयरे, पैसा, मयत, जे वाट्याला आलं ते. आधी माझं.

२०१७ च्या पावसाळ्यात आमच्या जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना कित्येकांना विषबाधा झाली, माणसं दगावली. पऱ्हाटी त्या वर्षी माणसाच्या डोक्याच्या वर गेली होती, औषध सरळ तोंडावर यायचं. माझे मिस्टर त्यातलेच, पण वाचलेले. त्यांना दिसेनासं झालं होतं. बाजूच्या खाटेवर जो पेशंट होता त्याची बहीण ख्रिस्ती. ती रोज दोन डबे आणायची, एक भावाला, एक आम्हाला. चून-भाकर आणि कांदा. जाताना दोघांच्याही खाटेशी उभी राहून प्रार्थना करायची. आम्हाला तिने कधी काही विचारलं नाही, पत्रकं वाटली नाहीत, पुस्तकही दिलं नाही. मीच आठव्या दिवशी विचारलं, "बाई, तू कोणाले बोलतं?" तिथून सुरुवात.

मिस्टर बरे झाले ते डॉक्टरांच्या औषधाने, हे मी साक्षीतही सांगते. घरी आलो तर उरलेल्या बोंडांत गुलाबी अळी. त्या साली कापूस घरात आलाच नाही म्हणा ना. सावकाराचं घेतलेलं तसंच राहिलं. बाप्तिस्मा आम्ही दुसऱ्या वर्षी घेतला, कर्ज फिटलेलं नसताना. गावात लोक म्हणाले, पैसे मिळाले असतील. मिळाले असते तर सावकाराने माझी पोत ठेवून घेतली नसती.

पोळ्याचं सोपं निघालं. आदल्या संध्याकाळी खांदमळणी असते, बैलाच्या खांद्याला तूप-हळद लावून "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या" म्हणतात. ते आम्ही आजही करतो. वर्षभर ज्याच्या खांद्यावर जू ठेवलं त्याला जेवायला बोलावण्यात मला देवाविरुद्ध काही दिसत नाही. दुसऱ्या दिवशी तोरणाखाली जोडी सासरे नेतात, झडत्या, म्हणजे पोळ्याची गाणी, होतात, मिस्टर घरी थांबतात. सासऱ्यांचं एवढंच म्हणणं होतं, "देव तुमी कोणताबी माना, पण माह्या बैलाइले घरी कोंडून ठेवू नका."

अवघड गेल्या त्या महालक्ष्म्या. चाळीस वर्षं आमच्या घरी बसत होत्या, सासूबाईंच्या हातून. मुखवटे त्यांच्या सासूने दिलेले. आता घरात मी आणि मिस्टर पूजेला बसणार नाही, आणि सासूबाईंना एकटीने उठवेना. शेवटी धाकट्या दिराकडे न्यायचं ठरलं. त्या दिवशी सासूबाईंनी मुखवटे सुपात ठेवले, वरून नवं खण टाकलं आणि सूप डोक्यावर घेऊन निघाल्या. दिराचं घर चार घरं सोडून आहे. मी म्हटलं, "मी धरते." म्हणाल्या, "तू नोको." मी मागून चालत गेले. दारात पोचल्यावर त्या माझ्याकडे वळल्या आणि काहीच बोलल्या नाहीत. एखाद्या लेकीला सासरी सोडून यावं तसा त्यांचा चेहरा झाला होता.

मी त्या तीन दिवसांत रोज दिराकडे जाते. सोळा भाज्या चिरते, आंबिलीसाठी ज्वारी भरडून देते, भांडी घासते. नैवेद्य दाखवायच्या वेळी अंगणात येऊन बसते. आमच्या पाळकांनी, म्हणजे धर्मगुरूंनी, एकदा हळूच विचारलं की हे बरं दिसतं का. मी म्हटलं, पाळकसाहेब, त्या बाईचं घर मी अर्धं रिकामं केलं, भाज्या तरी चिरू द्या. ते पुन्हा बोलले नाहीत.

मोर्शी तालुका, जि. अमरावती

मी मयतीचं लिहितो, कारण ज्याच्यावर येत नाही त्याला ते सुचतही नाही.

बाबा आणि आई एकाच वर्षी विश्वासात आले, मी त्यांच्या नंतर. गावात आमचं एकच घर. बाबा गेले ते ऐन जून महिन्यात, रात्री पाऊस, वीज गेलेली. सकाळी माणसं जमली आणि पहिला प्रश्न निघाला, न्यायचं कुठे? गावच्या स्मशानात जाळतात. आम्हाला मूठमाती द्यायची होती, आणि ख्रिस्ती दफनभूमी तालुक्याच्या गावी. भाऊकीतले म्हणाले, "रीतीनं जाळा, आमी खांदा देतो. नाही तर तुमी पाहून घ्या." माझ्या सख्ख्या काकांचे शब्द. मला राग नाही, ते घाबरले होते. गाव काय म्हणेल, उद्या त्यांच्या मुलींच्या सोयरिकी कशा होतील.

आमच्या शेजारी एक म्हातारे बाबाजी राहतात, महानुभाव पंथाचे. त्यांचं रिद्धपूर आमच्याकडून जवळ, त्यामुळे गावात त्यांची चार घरं आहेत. ते काठी टेकत आले आणि अंगणातच बोलले, "आमीबी माणूस मातीतच देतो. आमीबी दुसऱ्या देवाचा परसाद घेत नाही. सातशे वर्षं झाले, गाव काई बुडालं नाही." मग स्वतः सरपंचाकडे गेले. दुपारपर्यंत ग्रामपंचायतीने आमच्याच शेतात, धुऱ्याला लागून, जागा लिहून दिली. खड्डा खणायला बाबाजींचे दोन नातू आणि मी. वरची माती चिखल, खाली काळी, कुदळ चिकटून राहायची. पाळक भिजत आले. काका शेवटी आले, लांब लिंबाखाली उभे राहिले आणि माती टाकताना जवळ आले.

मग तेरवी. आम्ही तेरवी करणार नाही म्हटल्यावर गावाला वाटलं आम्ही पैसे वाचवतो आहोत. आपल्याकडे तेरवीसाठी माणूस शेत गहाण ठेवतो, त्यामुळे न करणं म्हणजे बापाची किंमत न करणं. मला त्या बोलण्याचा त्रास झाला. आईने तोड काढली. तेराव्या दिवशी अंगणात प्रार्थना ठेवली, बाबांविषयी ज्याला बोलायचं त्याने बोलावं, आणि सगळ्यांना वरण-भात, आलूवांग्याची भाजी. शंभरेक माणूस जेवलं. पिंड नाही, कावळा नाही. त्या दिवशी काका बोलले, बाबांनी लहानपणी त्यांना विहिरीतून काढलं होतं ते. मला ते माहीतच नव्हतं.

ज्यांच्या गावात एक-दोनच घरं आहेत त्यांना हात जोडून सांगतो, जागेचं आधीच बोलून ठेवा. सरपंचाशी, भाऊकीशी. माणूस घरात पडलेला असताना ते बोलणं फार जड जातं.

उमरेडकडची, जि. नागपूर

आमची गोष्ट वेगळी आहे. आमचे आजोबा १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षाभूमीवर होते. पांढरा सदरा उसना आणून घातला होता, हे ते मरेपर्यंत सांगायचे. म्हणजे घरात धर्म एकदा बदललेला, आणि तो अभिमानाने बदललेला. मग माझे वडील ख्रिस्ती झाले तेव्हा आजोबांना ते मागे जाणं वाटलं. "बाबासाहेबाइनं काढलं, तू पुन्हा देवाच्या दारात गेला," असं म्हणाले. दोन वर्षं एका घरात दोन चुली होत्या. आजी दोन्हीकडे भाकरी टाकायची.

भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो होता. एका पाहुण्या प्रचारकाने तो काढायला सांगितला. वडिलांनी त्याला चहा दिला आणि म्हणाले, "साहेब, ह्या माणसामुळे माह्या हातात पुस्तक आलं. बायबल वाचता येते ते ह्यायच्यामुळे. फोटो तिथंच राहीन." आजोबा आतल्या खोलीतून ऐकत होते. चुली एक व्हायला त्यानंतरही सहा महिने लागले, पण सुरुवात त्या दिवशी झाली असं मी मानते.

जातीच्या दाखल्याचं कोणी बोलत नाही, मी बोलते. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा आधी फक्त हिंदूंना होता, १९५६ ला शीख आले, १९९० ला बौद्ध आले. ख्रिस्ती आजही त्यात नाहीत. म्हणजे ज्या दिवशी वडिलांनी बाप्तिस्मा घेतला, त्या दिवसापासून हा प्रश्न आमच्या पाठीमागे लागला. शाळेतले, गल्लीतले लोक आम्हाला ज्या जातीचे म्हणून ओळखायचे ते तसंच राहिलं. मी शिष्यवृत्तीचा अर्ज भरला नाही. डी.एड. करताना सुट्टीत मिरच्या तोडायला जायचे, भिवापूरकडे. ज्यांनी अर्ज भरला त्यांना मी नावं ठेवत नाही. मला खोटं लिहवलं नाही, एवढंच. पण हा नियम अन्यायाचा आहे हे मी कोणापुढेही म्हणेन.

धारणी, मेळघाट

आम्ही कोरकू. आमचा दाखला धर्माने जात नाही, आदिवासी तो आदिवासीच, त्यामुळे ती अडचण नाही. अडचण भूमकाची, म्हणजे आमच्यातल्या झाडफूक करणाऱ्या वैदूची. पोरगं आजारी पडलं की आधी भूमका, आणि पोट फुगलं तर तापलेल्या लोखंडाचा डंबा. माझ्या पाठच्या भावाच्या पोटावर ते डाग अजून आहेत. विश्वासात आल्यावर आमच्यातले काही लोक भूमका सोडून नुसती प्रार्थना करत बसायला लागले. ते मला तितकंच चूक वाटतं. माझ्या मुलीला निमोनिया झाला तेव्हा बायको गाडीत पूर्ण रस्ताभर प्रार्थना करत होती, पण गाडी दवाखान्याकडे चालली होती. नवीन लोकांना हेच सांगा.

मूर्तिजापूर, जि. अकोला

एक छोटी गोष्ट. रविवार म्हणजे आमच्याकडे बाजाराचा दिवस, आणि वेचणीच्या दिवसांत मजुरीचाही. कापूस किलोवर वेचला जातो. सकाळी उपासनेला गेलं तर दिवस गेला. नाताळही नेमका वेचणीतच येतो. दोन वर्षं आई रविवारी मजुरी सोडत होती आणि घरात तेल नसायचं. मग बायांनीच पाळकांना सांगितलं, उपासना संध्याकाळी सातला घ्या. आता बाया शेतातून सरळ येतात, केसांत सरकी अडकलेली असते. कोणी गाऊ लागलं की अर्ध्या झोपेत असतात. मला ती उपासना सगळ्यात आवडते.

वाशीम जिल्हा

मी विश्वासी नाही. तरी लिहू का, असं विचारणार होते, पण लिहितेच.

माझे मिस्टर चार वर्षांपूर्वी ख्रिस्ती झाले. मी नाही झाले. माझ्या घरी गजानन महाराजांची पोथी आहे, शेगावला मी पायी गेले आहे, ते माझ्या आत आहे. मिस्टर पूर्वी प्यायचे, आता पीत नाहीत. त्याचा मला आनंद आहे आणि रागही आहे. पंधरा वर्षं मी सांगत होते तेव्हा सोडली नाही, आणि परक्या माणसाने प्रार्थना केली तर सुटली? हा राग कोणाजवळ बोलायचा? त्यांच्या सभेतल्या बाया मला बघून म्हणतात, "ताई, तुमच्यासाठी प्रार्थना करतो." मला वाटतं, माझ्यात काय कमी आहे?

पाळकांच्या बायकोने मात्र एक बरं केलं. तिने मला कवी रेव्हरंड ना. वा. टिळक आणि त्यांच्या बायकोचं, लक्ष्मीबाईंचं सांगितलं. नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेत टिळकांना कोणीतरी नवा करार दिला, १८९५ ला त्यांनी बाप्तिस्मा घेतला, आणि लक्ष्मीबाईंनी मात्र आणखी पाच वर्षांनी. मी विचारलं, "मंग ती पाच वर्षं तिनं काय केलं?" ती म्हणाली, "रडली, भांडली, आपलं सोवळं पाळलं." हे ऐकून मला पहिल्यांदा बरं वाटलं. पुढे मी काय करीन ते मला माहीत नाही. सध्या देवघर माझ्या बाजूच्या कोनाड्यात आहे, त्यांचं बायबल टीव्हीवर. मुलगा दोन्हीकडे हात जोडतो.

दारव्हा तालुका

वाशीमच्या ताई, बरं झालं लिहिलंत. तुमच्या रागाविषयी मी विचार करत बसले. माझ्या सासूबाईंना असंच काही वाटत असेल.

चांदूर बाजारकडचा शेतकरी

माह्या बापानं चाळीस वर्षं तुकडोजी महाराजाच्या मंडळात खंजिरी वाजवली. विश्वासात आल्यावर त्यानं खंजिरी खुंटीले टांगून ठेवली, म्हणे आता आपलं काम नाही. वर्षभर बुढा गप्प गप्प. मंग एका उपासनेत पोरगं ढोलकी वाजवून रायलं होतं, ताल सुटून रायला होता. बुढ्याच्यानं नाही पायवलं गेलं. उठला, घरी गेला, खंजिरी घेऊन आला. आता टिळकाइचे अभंग त्याच चालीत म्हणते. मंडळातले दोघं जण कधी कधी ऐकाले येतात, दारात बसतात, मान हालवतात.

पुसद तालुका

आमचा बाप्तिस्मा अजून व्हायचा आहे. सगळ्यांचं वाचलं. माझा प्रश्न मुलीचा. ती एकोणीस वर्षांची. सोयरे सरळ म्हणतात, आधी पोरीचं लग्न करा, मग काय व्हायचं ते व्हा. मिस्टरांना वाटतं थांबावं. मला वाटतं, लपवून लग्न केलं तर ती सासरी गेल्यावर कोणत्या तोंडाने सांगेल की माहेर बदललं? मुलगी म्हणते मला अजून शिकू द्या. कोणावर ही वेळ आली असेल तर लिहा.

मोर्शी तालुका

पुसदच्या ताई, माझ्या बहिणीचं लग्न आम्ही विश्वासात आल्यानंतर झालं. तीन ठिकाणांहून नकार आला, चौथं स्थळ परतवाड्याचं. मुलाकडचे ख्रिस्ती नव्हते, पण त्यांना आम्ही पहिल्याच भेटीत सगळं सांगितलं. १८७२ च्या ख्रिस्ती विवाह कायद्याने दोघांपैकी एक जण ख्रिस्ती असला तरी लग्न लागतं, आणि १९५४ च्या विशेष विवाह कायद्याने कोणाचंही. आम्ही दुसऱ्या रस्त्याने गेलो, नोंदणी केली आणि घरी जेवण दिलं. स्थळ शोधण्यापासून लग्नापर्यंत वेळ लागला, दोन वर्षं. तुमची मुलगी शिकायचं म्हणते आहे ना? मग तेवढा वेळ आहे तुमच्याकडे.